मदतीचा कागद कोण तपासतो?

बीड जिल्हा म्हटला की आधी दुष्काळ आठवतो. पण आपल्याकडे पाणी येते तेव्हाही कधी कधी घात करते. १९८९ साली बिंदुसरा नदीला पूर आला आणि पाणी बीड शहरात शिरले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. वळवाच्या पावसात वीज पडते. कुणाचा बैल जातो, कुणाचा घरधनी जातो.

अशा वेळी सरकार मदत देते. हा पैसा कोठून येतो? तो योग्य घरी गेला की नाही, हे कोण पाहतो? आज आपण त्या माणसाच्या कामाची ओळख करून घेऊ.

पैशाची वाट

२००५ साली आपल्या देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. आपत्ती म्हणजे मोठे संकट. संकटाच्या वेळी खर्च करण्यासाठी प्रत्येक राज्यात वेगळा निधी असतो. निधी म्हणजे एका कामासाठी बाजूला काढून ठेवलेला पैसा. महाराष्ट्राच्या या निधीत दर १०० रुपयांमागे ७५ रुपये केंद्र सरकार घालते. उरलेले २५ रुपये राज्य सरकार घालते.

सरकारकडे पैसा येतो तो आपल्या करातून. काडीपेटी विकत घेतली तरी आपण कर भरतो. म्हणून ही मदत म्हणजे भीक नव्हे. पण ती कुणा एकाच्या मर्जीची वस्तूही नव्हे. तो सगळ्यांचा पैसा आहे.

धरणाचे पाणी कालव्यात येते, कालव्यातून चारीत येते, चारीतून शेतात येते. तसाच हा पैसा येतो. मुंबईला मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभाग आहे. तेथून पैसा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे येतो. मग बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग तालुक्याला. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. शेवटी पैसा माणसाच्या बँक खात्यात जातो.

चारी फुटली तर शेत कोरडे राहते. म्हणून वाटेत जागोजाग तपासणारी माणसे बसवली आहेत. तहसील कचेरीत नैसर्गिक आपत्तीचे टेबल असते. तेथला कारकून आलेला प्रत्येक कागद वाचतो. जिल्ह्याला आणि मंत्रालयातही असेच काम चालते.

तपासणारा काय विचारतो?

तो कागदाला पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : काय घडले? समजा, एक माणूस शिवारात मरण पावला. वीज पडून मेला, की साप चावून? सरकारने ठरवलेल्या संकटांनाच या निधीतून पैसा देता येतो. २०२१ ते २०२६ या काळात केंद्राच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट अशी संकटे होती. वीज त्या यादीत नव्हती. पण राज्याला निधीचा दहावा हिस्सा आपल्या भागातल्या संकटांसाठी वापरता येत होता. महाराष्ट्राने वीज पडणे हे असे संकट ठरवले. म्हणून मरण कशाने आले, हे कागदावर यावे लागते.

दुसरा प्रश्न : कुणी पाहिले? याला उत्तर पंचनामा देतो. पंचनामा म्हणजे जागेवर जाऊन, पंचांसमक्ष लिहिलेली हकिगत.

तिसरा प्रश्न : किती द्यायचे? याचे दर ठरलेले असतात. २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राने ठरवलेले दर असे होते : माणूस दगावला तर वारसांना ४ लाख रुपये. गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५०० रुपये. बैल गेला तर ३२,००० रुपये. शेळी-मेंढी गेली तर ४,००० रुपये. हे दर वेळोवेळी बदलतात.

चौथा प्रश्न : कुणाला द्यायचे? वारस कोण, खाते कुणाचे, नाव बरोबर आहे का?

पाचवा प्रश्न : हिशेब जुळतो का? गावात सोयाबीनचा पेरा ४०० हेक्टर आणि नुकसान मात्र ४५० हेक्टर लिहिले, तर कुठे तरी चूक आहे किंवा लबाडी आहे. एकच नाव दोनदा आले तरी तेच.

ही तपासणी ढिली झाली की काय होते? शेजारच्या जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानात बनावट नावे घातल्याचे २०२५ साली चौकशीत दिसून आले. अनेक तलाठी निलंबित झाले. खोट्या नावावर गेलेला रुपया खऱ्या नडलेल्या माणसाच्या वाट्याचा असतो.

नुसती नजर पुरत नाही

तपासणारा कडक हवा. पण तेवढ्याने भागत नाही. समजा, वीज पडून नवरा गेलेली एक बाई कचेरीत आली.

"भाऊसाहेब, माजं काम कुठवर आलं वो? दिवाळी झाली की आमी ऊस तोडायला जानार. मुकादमाची उचल घेतलीय."

"मावशी, कागद पाहिले. पासबुकावर तुमचं माहेरचं नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचं. असे पैसे पाठवले तर अडकून पडतील."

"मंग आता काय करू?"

"बँकेत जाऊन नाव सारखं करून घ्या. काय करायचं ते या चिठ्ठीवर लिहून देतो. पंचनाम्यावर एक सही राहिलीय. ती मी मागवून घेतो. तुम्ही त्यासाठी हेलपाटा घालू नका."

दुसरा एखादा कारकून कागदावर 'त्रुटी' एवढेच लिहील आणि गठ्ठ्यात ठेवून देईल. त्रुटी म्हणजे उणीव. नियमाने त्याचेही चुकले नाही. पण बाई एकदा कोयता घेऊन फडावर गेली की पाच-सहा महिने परत येत नाही. तोवर लेकरांची फी, किराण्याची उधारी, सावकाराचे व्याज थांबत नाही. उणीव शोधणे हे अर्धे काम. ती कशी भरून काढायची ते सांगणे, हे उरलेले अर्धे काम. ही दोन्ही कामे करणारा तोच खरा तपासनीस.

आपण काय करावे?

दुःखाच्या वेळी कागद सुचत नाही. म्हणून शेजाऱ्याने, सरपंचाने, शिकलेल्या पोराने पुढे व्हावे.

वीज पडून किंवा पुरात माणूस गेला, तर पोलिसांना आणि तलाठ्याला लगेच कळवा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. डॉक्टरांकडून शवविच्छेदन होऊ द्या. घाईने अग्नी दिला, तर मरणाच्या कारणाचा पुरावाही त्याबरोबर जळतो.

जनावर दगावले, तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा.

पंचनामा वाचून घ्या. समजला तरच सही करा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, ते याच कामी येते.

अर्ज दिला की पोच घ्या. पोचेवर कचेरीचा शिक्का आणि तारीख हवी. उणीव असेल तर ती लेखी मागा.

"मी काम करून देतो, अर्धे मला द्या," असे म्हणणाऱ्याला लांब ठेवा. हा कागद तपासून घ्यायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न

१. मदतीच्या १०० रुपयांत केंद्राचे किती आणि राज्याचे किती?
२. पंचनामा म्हणजे काय?
३. पासबुक आणि आधार कार्ड काढा. दोन्हींवर तुमचे नाव सारखेच आहे का, ते वाचून पाहा. नसेल तर या आठवड्यातच बँकेत जा.