तंबाखूचे व्यसन आणि रुग्णाची सत्त्वपरीक्षा

भोर व वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास तंबाखूचा प्रश्न टाळता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूसेवन करणारे आढळले. धूररहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के, तर धूम्रपानाचे केवळ ३.८ टक्के होते. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः चुना-तंबाखूचा आणि मशेरीचा. मग ई-सिगारेटचा विचार येथे कशासाठी? पुण्यास नोकरीला जाणारा तरुण सांगतो, “डॉक्टर, सिगारेट सोडली, आता नुसती वाफ ओढतो.” त्याची आजी म्हणते, “मी तंबाखू खात नाही, दातांना मशेरी लावते एवढंच.” साधने भिन्न असली तरी समजूत एकच आहे. दोघांच्याही लेखी ते व्यसन नव्हेच.

ही समजूत तलफेपेक्षाही चिवट असते, असे आमचे मत झाले आहे. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. हिरड्यांवाटे निकोटीन शरीरात जाते. ई-सिगारेटमध्ये बहुधा निकोटीनयुक्त द्रव तापवून त्याचा फवारा फुप्फुसांत ओढला जातो.

चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा सांगून प्रवर, मध्यम व अवर असे भेद केले आहेत. व्यसनी रुग्णाच्या बाबतीत आपण नाडी पाहतो, कोष्ठ विचारतो आणि नेमकी हीच परीक्षा विसरतो. आम्हीही अनेक वर्षे सर्वांना कर्करोगाची सारखीच भीती घालीत आलो. प्रवरसत्त्व रुग्णास कारण पटले की तो स्वतः निश्चय करतो. मध्यमसत्त्वास दुसऱ्याचे उदाहरण व आधार लागतो. वाडीतील एकीने मशेरी सोडली की दुसरीस धीर येतो. अवरसत्त्व रुग्ण मात्र भीतीने अधिकच अस्वस्थ होतो आणि घरी जाऊन पुन्हा तंबाखू मळतो. रजोगुणाधिक्य असलेल्या तरुणास नावीन्याची ओढ असते. त्याला ‘सोड’ म्हटले की तो सोडीत नाही, बदलतो.

आधुनिक मानसशास्त्रातही नावीन्याची ओढ, उतावीळपणा व भावनिक अस्थिरता यांचा धूम्रपानाशी संबंध मांडला गेला आहे. या विषयातील आद्य अभ्यासक हान्स आयसेंक पुढे कर्करोगाचेही कारण स्वभावात शोधू लागले. त्यासंबंधीचे त्यांचे २६ शोधनिबंध लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ मध्ये अविश्वसनीय ठरविले. ‘माझी प्रकृतीच तशी’ म्हणणाऱ्या रुग्णापुढे मान डोलावण्यापूर्वी आपण हे आठवावे. स्वभाव सवयीचा मार्ग दाखवतो. तंबाखूचा दोष तो आपल्या माथी घेत नाही.

एक आक्षेप आम्हांस वारंवार ऐकावा लागतो: धूमपान तर आयुर्वेदातच सांगितले आहे! सूत्रस्थानातील प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूम औषधी वर्तीचा असून त्यास काळ व मर्यादा आहेत. तंबाखू तर भारतात आली तीच मुळी पोर्तुगीजांच्या काळात. ‘हर्बल’ नावाने वाफेची उपकरणे विकणाऱ्यांस आपल्या शास्त्राचे नाव वापरू देऊ नये. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे, आणि द्रवात निकोटीन नसले तरी ती लागू होते.

चिकित्सेत सत्त्वावजय प्रधान मानावा. अहित सवय पादांशाने कमी करण्याचा क्रम चरकांनी दिला आहे. दिवसातून चार वेळा मशेरी लावणाऱ्या स्त्रीची पहाटेची वेळ शेवटी सोडवावी, कारण तीच सर्वांत घट्ट असते. उतावळ्या तरुणास मात्र हा क्रम मानवत नाही; त्याने एक दिवस ठरवून पूर्ण थांबावे आणि १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन घ्यावे. दोघांचेही तोंड प्रत्येक भेटीत उजेडात पाहावे. पांढरा वा लाल चट्टा, न भरणारा व्रण किंवा तोंड पूर्ण न उघडणे आढळल्यास काढे देत न बसता त्याच आठवड्यात पुण्यास तपासणीस पाठवावे.