भरल्या घरात आईचं वजन का उतरतं?

प्रश्न : आईचं वय ७६. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्यासोबत राहते. घरात कशाची ददात नाही, तरी तिचे ब्लाउज ढगळ व्हायला लागलेत. डॉक्टर म्हणाल्या, ‘हे कुपोषणाकडे चाललंय.’ शेजारच्या काकू म्हणतात, वय झालं की माणूस वाळायचंच. कुणाचं खरं?
— एक वाचक

उत्तर : डॉक्टरांचं. कुपोषण म्हटलं की आपल्याला जव्हार-मोखाडा आठवतं. २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. पण तिथल्या बातम्या बालकांच्या. म्हाताऱ्यांचं वजन कोण बघतं? देवनारच्या आयआयपीएस संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर केलेल्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढचे सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे निघाले. खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे, पण शहरं सुटलेली नाहीत.

वयाने भूक मंदावते, चव-वास बोथट होतात, हे खरं. पण तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन गेलं, तर ते वयाच्या नावावर खपवू नका.

आई दुपारी काय जेवतात, हे कधी पाहिलंत? तुम्ही सकाळीच लोकल गाठता. पोळी-भाजी केंद्राच्या पोळ्या दुपारपर्यंत चिवट होतात. वजन उतरलं की हिरड्याही आटतात, कवळी सैल होते. मग पोळी राहते, उसळ राहते, पेरूचं तर नावच नको. ‘एकटीसाठी कुठे गॅस पेटवू?’ म्हणत गार वरण-भात, संध्याकाळी चहात बुडवलेली बिस्किटं. तुम्ही नऊला घरी आलात की, ‘मी मघाशीच खाल्लं.’

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला चाळीसेक ग्रॅम. २५ ग्रॅम कोरड्या तूरडाळीत जेमतेम साडेपाच ग्रॅम असतात, आणि पातळ वरणाच्या वाटीत तेवढी डाळ तरी असते का?

तेव्हा आधी कवळी दुरुस्त करून घ्या. मग घट्ट वरण, मुगाचं मऊ धिरडं, भाजीत दाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं. थोडं थोडं, चार-पाच वेळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

घरी एक चाचणी करा. आईंना खुर्चीवर बसवून शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. ३१ सेंटिमीटरच्या आत भरला तर स्नायू झिजताहेत असं समजा. सूज असेल तर हे माप फसवं.

नुसतं खाऊ घालूनही भागत नाही. थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, उदासी यांतही वजन उतरतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींची भूक जाते, आणि ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. लिफ्ट नसेल तर खाली उतरणं बंद, चालणं बंद, भूक आणखी मंद. शिवाय कट्ट्यावरच्या मैत्रिणीही तुटतात, जे मला सगळ्यांत घातक वाटतं.

आणि पथ्यं. साखर, मीठ, तेल, तूप एकेक करून काढत गेलात, तर ताटात चव उरत नाही. यातलं काय सैल करता येईल, हे डॉक्टरांना विचारा. चतुर्थी-एकादशीबद्दल आई ऐकणार नाहीत, ते सोडा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, तेव्हा त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी जास्त वाढा.