अळी सरावली की निवडली गेली?

"यंदा औषधाचा गुण आला नाही. अळी औषधाला सरावली." कपाशीच्या हंगामात नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात कोणत्याही गावच्या पारावर बसा, हे वाक्य कानी पडतेच. वाक्य साधे आहे. पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो शेतकऱ्याला फार महाग पडतो. या पाठात आपण तोच नीट समजून घेऊ.

माणूस सरावतो, हे खरे. नंदुरबारच्या मिरची बाजारात नवा माणूस गेला की शिंकून शिंकून बेजार होतो. रोजच्या हमालाला त्याचे काही वाटत नाही. याला सराव म्हणतात. पण अळीचे तसे आहे का? विष अंगी भिनले की अळी मरते. मेलेली अळी कशाला सरावणार? मग पुढल्या वर्षी विषाला दाद न देणाऱ्या अळ्या येतात कुठून?

निवड म्हणजे काय?

ज्वारी खळ्यावर आली की घरातली जाणती बाई काय करते? भरदार कणसे पाहून बाजूला काढते. ती बियाण्याची. बाकीची खायला आणि विकायला. असे दरसाल केले, तर काही वर्षांनी शेतात भरदार कणसे जास्त दिसू लागतात. आता पाहा, एकही कणीस मोठे व्हायला शिकले नाही. जे मुळात मोठे होते, त्याचे बी पुढे गेले. एवढेच झाले.

यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, सगळी कणसे सारखी नसतात. दुसरी, आईबापांचा गुण पिल्लांत उतरतो. तिसरी, सगळ्यांचेच बी पुढे जात नाही. या तीन गोष्टी जिथे असतील, तिथे निवड होणारच. निवडायला माणूस हवाच, असेही नाही. दुष्काळ निवडतो, थंडी निवडते, रोग निवडतो. तसेच विषही निवडते. यालाच निसर्गाची निवड म्हणतात. तिथे कोणी बसून ठरवीत नाही. जो त्या ठिकाणी, त्या वेळी टिकतो, त्याची पिल्ले पुढे येतात.

इंग्लंडमधील चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस या दोघांनी हा विचार १८५८ साली जगापुढे मांडला. १८५९ साली डार्विनचा मोठा ग्रंथ निघाला. डार्विनने त्यासाठी कबुतरे पाळणाऱ्या लोकांकडून माहिती घेतली होती. पाळणारा माणूस जोड्या निवडून नवनव्या जाती करतो. मग निसर्ग का करणार नाही, असा त्याचा प्रश्न होता.

गुलाबी बोंडअळी

आता आपल्या कपाशीकडे वळू. गुलाबी बोंडअळीला शेंदरी अळीही म्हणतात. तिचा पतंग लहान, करड्या रंगाचा असतो. तो रात्री फिरतो आणि पाती, फुले, बोंडे यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते. शिरलेले भोक मागे बुजून जाते. आत बसून ती सरकी खाते आणि रुई नासवते. बाहेरून बोंड चांगले दिसते, फोडल्यावर कळते. म्हणून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

ही अळी आपल्या शेजारचीच म्हणा ना. १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन लिहिले. ते लिहिले भरूचच्या कपाशीवर सापडलेल्या किड्यांवरून. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे त्याच भरूचजवळून समुद्राला मिळते.

विष आले, निवड झाली

२००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीत एक सूक्ष्म जंतू असतो. तो अळीला मारणारे विष तयार करतो. त्या जंतूचा विष बनविण्याचा गुण शास्त्रज्ञांनी कपाशीत घातला. आता कपाशीचे झाडच विष तयार करू लागले. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की विष तिच्या आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि ती मरते. २००६ साली दोन विषांचे वाण आले. पहिली काही वर्षे फार चांगली गेली. फवारण्या कमी झाल्या, पीक वाढले.

पण आपल्या तीन गोष्टी आठवा. सगळ्या अळ्या सारख्या नसतात. एखादीच्या आतड्याची घडण जन्मतःच किंचित निराळी असते. तिथे विष नीट चिकटत नाही. विष येण्यापूर्वी या निराळेपणाचा तिला काहीच उपयोग नव्हता. विष आले, आणि तोच गुण जीव वाचविणारा ठरला.

समजा, शेतात १,००० अळ्या आहेत. ९९८ साध्या, २ निराळ्या. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. विषाने ९९८ मेल्या. उरलेल्या दोघींचे पतंग झाले. आजूबाजूला दुसरे कोणी नाही, म्हणून त्यांचा एकमेकांशीच जोडा जमला. मादीने शंभरावर अंडी घातली. ती सगळी पिल्ले निराळी! या अळीची एक पिढी सुमारे महिनाभरात पुरी होते. एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. पंधरा वर्षांत किती झाल्या, याचा हिशेब तुम्हीच करा.

झालेही तसेच. पहिल्या विषाला न मरणारी गुलाबी अळी गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत सापडल्याचे २०१० साली जाहीर झाले. २०१५ च्या सुमारास तिथेच ती दोन विषांच्या कपाशीवरही जगू लागली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात हाहाकार झाला. कित्येकांनी उभ्या कपाशीत नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले.

हिरवी अळी का उलटली नाही?

इथे एक शंका येईल. बीटीचे विष हिरव्या बोंडअळीलाही होते. मग तिने गुलाबीसारखा घात का केला नाही? त्याचे एक मोठे कारण असे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटोही खाते. तिथे बीटीचे विष नसते. त्या पिकांवर साध्या हिरव्या अळ्या भरपूर जगतात. कपाशीवर वाचलेल्या निराळ्या पतंगाला या साध्या पतंगांतलाच जोडीदार मिळतो.

प्रत्येक पिल्लाला गुणाचा एक वाटा आईकडून आणि एक वाटा बापाकडून मिळतो. विषातून वाचायला दोन्ही वाटे निराळे लागतात. एकच वाटा निराळा असला, तर पिल्लू बीटीवर मरते. म्हणजे साधी अळी आपल्या हिताचीच झाली. तिच्यामुळे निराळा गुण वर येऊ शकला नाही.

गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला साधे जोडीदार हवेत, तर साधी कपाशीच लावावी लागेल. म्हणूनच नियम केला होता की, बीटीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावावे. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी त्यासाठीच मिळे. दुकानदार तिला 'रेफ्युजी' म्हणत. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. पुडी कशासाठी आहे, हे कोणी समजावून सांगितले नव्हते. शिवाय दोन एकरवाल्याला पाच ओळी अळीला देणे जिवावर येते, हेही खरेच.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात १९९६ साली बीटी कपाशी आली. तेथे साध्या कपाशीचे पट्टे राखले गेले, आणि गुलाबी अळी उलटली नाही. २००६ पासून तेथे वांझ केलेले पतंगही सोडले. शेवटी २०१८ साली अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचे जाहीर केले. अळी तीच आणि विषही तसेच. निवड कशी होऊ दिली, एवढाच फरक.

आता काय करावे?

'अळी सरावली' असे मानले, की पुढचा विचार येतो, 'जास्त जहाल औषध मारू.' पण जहाल औषधही निवडच करणार. दरवेळी जास्त मारा म्हणजे दरवेळी कडक निवड. म्हणून अळीचे चक्र तोडणे हाच खरा मार्ग.

१. मे महिन्यात कपाशी लावण्याची घाई करू नये. पहिल्या पावसानंतर निघालेल्या पतंगांना फुले मिळाली नाहीत, तर ते वंश न वाढविताच मरतात.

२. कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग पडले, तरच कृषी सहायकाच्या सल्ल्याने फवारावे.

३. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल दिसले, तर ती डोमकळी. आत अळी असते. तोडून नष्ट करावी.

४. डिसेंबरअखेर कपाशी संपवावी. फरदड घेऊ नये. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवरच्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते.

५. आता काही पाकिटांत साधे बी आधीच मिसळलेले असते. पाकिटावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे. आता आपल्याला वाचता येते!

आणि हे सगळे एकट्याने करून भागत नाही. पतंग बांध ओळखत नाही. साऱ्या गावाने मिळून केले, तरच उपयोग.

अळीवरून सृष्टीकडे

गुलाबी अळी बदलली, तरी ती अजून गुलाबी अळीच आहे. नवी जात झाली नाही. पण पंधरा वर्षांत एवढा फरक पडला, तर लाखो वर्षांत किती पडेल? एकाच जातीचे दोन कळप मध्ये डोंगर किंवा समुद्र आल्यामुळे वेगळे झाले. इकडे एक हवा, तिकडे दुसरी. दोन्हीकडे निराळी निवड होत राहिली. पुढे एक दिवस असा येतो की, ते समोरासमोर आले तरी त्यांचा वंश जुळत नाही. तेव्हा दोन जाती झाल्या म्हणायचे.

सातपुड्यातला साग उन्हाळ्यापूर्वी पाने टाकतो, म्हणून त्याचे पाणी वाचते. सागाने हे ठरविले नाही. पाणी राखणारी झाडे टिकली, त्यांचे बी रुजले. जीव परिस्थितीशी जुळतात ते असे, पिढ्यांमागून पिढ्या. आपण शेतात जे जे करतो, त्यातही कुणाची तरी निवड होत असते. कुणाची होऊ द्यायची, हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.

वाचा आणि सांगा

१. 'अळी सरावली' हे म्हणणे का बरोबर नाही?

२. निवड होण्यास कोणत्या तीन गोष्टी लागतात?

३. साधी अळी आपल्या हिताची कशी?

४. घरात कपाशीच्या बियाण्याचे पाकीट असेल तर आणा. त्यावरचा मजकूर वर्गात मोठ्याने वाचा.