घनपदार्थांतील ऊर्जापट्ट आणि विजेचे वहन

नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रातून निघणाऱ्या मनोऱ्यांकडे पाहावे. ॲल्युमिनियमची जाड तार वीज वाहून नेते. तिला मनोऱ्यापासून दूर धरणारी चकत्यांची माळ मात्र विजेस अटकाव करते. इलेक्ट्रॉन दोहोंतही विपुल आहेत. मग हा भेद का?

सुट्या अणूतील इलेक्ट्रॉनांना ठराविक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. घनपदार्थात असंख्य अणू निकट आले, की या पातळ्या विभागून त्यांचे पट्ट बनतात. काही पदार्थांत दोन पट्टांमध्ये इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेले अंतर राहते. ए. एच. विल्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1931 मध्ये दाखवून दिले, की खरा प्रश्न इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा नसून त्यांना सरकण्यास जागा आहे की नाही, हा आहे. खच्चून भरलेल्या एस. टी. गाडीत कोणास हलता येत नाही, तशीच भरलेल्या पट्टाची गत. ॲल्युमिनियममध्ये पट्ट एकमेकांत शिरलेले असल्याने रिकाम्या पातळ्या लगतच असतात. चकतीच्या चिनी मातीत हे अंतर अनेक इलेक्ट्रॉन व्होल्टचे आहे. आणि नेहमीच्या तापमानास उष्णतेपासून लाभणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढी!

सिलिकॉनमधील अंतर सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. शुद्ध सिलिकॉनमध्ये पाच लक्ष कोटी अणूंमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात पोहोचतो. मात्र तापमान वाढले, की ही संख्या झपाट्याने वाढते. म्हणून तापलेल्या तारेचा रोध वाढतो, तर शुद्ध सिलिकॉनचा घटतो. सूर्यप्रकाशाच्या कणांत हे अंतर ओलांडण्याइतकी ऊर्जा असते, आणि याच बळावर शेतातील सौरपंप चालतो.

चैत्र-वैशाखात ऊन प्रखर असूनही सौरपट्टिका अपेक्षेहून कमी वीज का देते, अशी शेतकऱ्यांची पृच्छा असते. पट्टिका तापली, की प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन व मागे उरलेली रिक्त स्थाने पुन्हा एकत्र येण्याचे प्रमाण वाढते आणि विद्युत दाब उतरतो. पट्टिकेची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते; त्यापुढे दर अंशास ती साधारणतः 0.3 ते 0.5 टक्क्याने घटते. भर दुपारी पट्टिका 60 अंशांपर्यंत तापल्यास दहा ते सतरा टक्के वीज गेलीच म्हणून समजावे. त्यामुळे पट्टिका छपरास चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल अशी उंच बसवावी. निफाडच्या ज्या थंडीची द्राक्ष बागायतदार धास्ती घेतात, तिच्यात तेवढ्याच उन्हात हीच पट्टिका अधिक वीज देते.