हिवाळ्यासाठी वेगळी चाके कशाला?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅनडात, टोरांटोजवळ राहतात. नोव्हेंबरात आम्ही तिकडे होतो, तेव्हा जावयांनी गाडीची छान अलॉय चाके उतरवून साधी काळी लोखंडी चाके चढवली. टायर बदलतात हे समजले, पण अख्खी चाके कशाला? शिवाय उतरवलेल्या एका चाकावर रंगाखाली अळी फिरल्यासारख्या पांढरट रेषा दिसल्या. त्या कशाच्या?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही नेमके पाहिलेत. त्या रेषा मिठाने केल्या आहेत, आणि चाके बदलण्याचे मोठे कारणही तेच मीठ आहे.

कॅनडात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ पसरतात. आपण खातो तेच सोडियम क्लोराइड, फक्त भरड. जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण मुलीच्याच ऑन्टारिओ प्रांतात, गॉडरिच इथे ह्युरॉन सरोवराखाली आहे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पण उणे १० अंशांच्या आसपास साध्या मिठाचा जोर ओसरतो, तेव्हा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे चाकावरचा थर नीट वाळतच नाही.

अलॉय चाक मुख्यतः ॲल्युमिनियमचे. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला राखतो. क्लोराइड हा थर फोडते. चाकावर रंग आणि लॅकर असते खरे, पण वाळू-खडीने रंगाचा एक टवका उडाला किंवा बर्फात दडलेल्या फुटपाथच्या कडेला चाक घासले की खारे पाणी आत शिरते आणि लॅकरखालून सरकत जाते. तुम्ही पाहिलेल्या रेषा म्हणजे त्याच्या वाटा. ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत केलेला असतो, तिथे धातूवर नुसते पारदर्शक लॅकर असते. ती सर्वांत लवकर खराब होतात.

पण रूप बिघडणे ही त्यातली लहान गोष्ट. मला काळजी वाटते ती चाकाच्या आतल्या बाजूची, जिकडे कुणी पाहत नाही. टायर रिमच्या ज्या कडेवर घट्ट बसतो, ती कड खरखरीत झाली की हवा हळूहळू निसटते. थंडीत दाब तसाही उतरतो, दर साडेपाच अंशांना साधारण १ पीएसआय, त्यामुळे ही गळती ध्यानातच येत नाही. शिवाय ॲल्युमिनियमचे चाक लोखंडी हबला टेकलेले असते. दोन धातूंमध्ये खारे पाणी आले की चाक हबला असे चिकटते, की रस्त्यात पंक्चर झाल्यावर नट काढूनही ते हलत नाही.

लोखंडी चाकही गंजते, पण ते स्वस्त असते. खड्ड्यात वाकले तर बहुधा ठोकून सरळ करता येते. टायर त्यावर कायम बसवलेले असले की दर हंगामाला ते रिमवरून काढ-घाल करावे लागत नाहीत आणि रिमची कडही वाचते. हिवाळी टायर वेगळे का, तर साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. शेजारच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते.

ज्यांना अलॉयच वापरायची आहेत, त्यांनी हिवाळ्याआधी चाके उतरवून आतून-बाहेरून धुवावीत आणि मेण किंवा सिरॅमिक कोटिंग द्यावे. थंडीत पारा शून्याच्या वर गेला की भरपूर पाण्याने धुवावे, विशेषतः आतली बाजू. साबण सौम्य हवा; आम्लयुक्त क्लीनर टवका उडालेल्या जागी आणखी खातो. गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली म्हणजे सुरक्षित, असे अनेकांना वाटते. मीठ न धुता ठेवली तर उलट होते : बाहेर गोठून संथ झालेली झीज उबेत वेग घेते. आणि बर्फ पडून गेल्यावर स्टीअरिंग थरथरू लागले, तर लगेच गॅरेज गाठू नये. आधी चाकाच्या आत थापलेला बर्फ काढून पाहावा.

रेषा पडलेल्या त्या चाकाचे लॅकर पूर्ण काढून ते पुन्हा रंगवता येते. लेथवर कातलेले असेल तर दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून हा उपाय फार वेळा चालत नाही. चीर गेली असेल तर मात्र वेल्डिंग करून घेऊ नये, चाक बदलावे. वसंतात चाके चढवताना हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करायला जावयांना सांगा, आणि साधारण १०० किलोमीटर झाल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायलाही.