गाड्या धुण्याच्या जागेतील सांडपाणी : निचऱ्याची तपासणी व निगा

घरासमोरचे गटार तुंबले म्हणजे ते लपून राहत नाही. पाणी अंगणात चढते, दुर्गंधी सुटते आणि कोणी ना कोणी फावडे घेऊन धावतो. गाड्या धुण्याच्या जागेतील निचऱ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथील तेलकुंडी निकामी झाली तर पाणी अडत नाही; पुष्कळदा ते पूर्वीपेक्षा अधिक सुरळीत वाहू लागते. धुणारा समाधानी असतो, मालक समाधानी असतो, आणि तेलमिश्रित पाणी मात्र खालच्या अंगाच्या व्हाळात किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत असते. तेव्हा 'पाणी वाहते आहे ना' एवढे पाहून या व्यवस्थेची तपासणी होत नाही. ती कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. गोव्यात लहानमोठ्या रस्त्यांच्या कडेला अशा जागा आहेत, आणि त्यांच्याभोवतीची वस्ती बऱ्याच ठिकाणी विहिरींच्या पाण्यावर अवलंबून आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे भूरचनेमुळे विशेष धार आली आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात बोटाएवढ्या नळ्या व पोकळ्या असतात. रेताड जमिनीत पाणी गाळत गाळत खाली जाते, जांभ्यात मात्र ते या पोकळ्यांतून धावते. पावसाळ्यात विहिरी किती झपाट्याने भरतात हे ग्रामस्थांना सांगावयास नको. ज्या वाटेने पावसाचे पाणी विहिरीत येते, त्याच वाटेने धुण्याचे पाणीही येऊ शकते. भारतीय मानक २४७० मध्ये मलकुंडाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असे म्हटले आहे. परंतु हे अंतर घरगुती सांडपाण्यासाठी आहे. तेल व डिझेल यांच्या बाबतीत आणि तेही जांभ्याच्या पठारावर, त्याच्यावर विसंबून राहणे धोक्याचे होय. गाड्या धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात किंवा मलकुंडात सोडूच नये.

आता कुंडीचे कार्य कसे चालते ते पाहू. धुण्याच्या फरशीवरून पाणी प्रथम जाळीतून गाळकुंडीत येते. तेथे वाळू, माती, चिंध्या व प्लॅस्टिक मागे राहते. पुढे तेलकुंडीत पाणी जवळजवळ स्थिर होते. तेल हलके असल्याने वर तरंगते, उरलेला बारीक गाळ तळाशी बसतो आणि मधल्या थरातील त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेरच्या नळीतून निघते. या नळीच्या तोंडाला टी-आकाराचा जोड लावून त्याचे खालचे टोक पाण्यात बुडते ठेवलेले असते. सारी युक्ती त्या टोकात आहे. ते तेलाच्या थराच्या खाली व गाळाच्या थराच्या वर राहिले पाहिजे.

तेल वर येण्यास वेळ लागतो, आणि तो किती लागतो हे थेंबाच्या आकारावर ठरते. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार थेंबाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ०.१५ मिलिमीटर व्यासाचा तेलाचा थेंब स्थिर पाण्यात मिनिटाला साधारण १० सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर खोल कुंडीत त्याला सहा मिनिटे पुरतात. तोच थेंब फुटून दहापट लहान झाला तर वेग शंभरपट घटतो आणि तेवढ्याच अंतराला सुमारे दहा तास लागतात. इतका वेळ कोणत्याही लहान कुंडीत पाणी थांबत नाही.

थेंब फोडण्याचे काम दोन गोष्टी करतात. एक, पंपाचा जोरदार फवारा, आणि दुसरी, साबण. इंजिनावर व गाडीच्या पोटावर ओतली जाणारी तीव्र रसायने तर तेल पाण्यात इतके मिसळून टाकतात की पाणी दुधाळ दिसते. असे पाणी कुंडीतून आले तसे बाहेर पडते. कुंडी कितीही स्वच्छ असो. यासाठी तेलकट भाग आधी चिंधीने किंवा भुशाने पुसून घ्यावा, साबण मापून वापरावा, आणि लवकर पाणी सोडणारा साबण मिळत असेल तर तो घ्यावा. साबण जास्त तेवढी गाडी स्वच्छ ही समजूत कुंडीला फार महाग पडते. शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. दोन पारदर्शक बाटल्यांत पाणी व चमचाभर खोबरेल घ्यावे, एकीत थोडा भांड्यांचा साबण घालावा, दोन्ही जोराने हलवून बाकावर ठेवाव्यात. तास संपेपर्यंत फरक दिसून येतो.

प्रत्यक्ष तपासणीसाठी फार मोठी साधने लागत नाहीत. एका लांब काठीच्या टोकाला तळहाताएवढी चपटी तबकडी बसवावी. काठी कुंडीत हळूहळू सोडली असता जेथे तबकडीला अडथळा जाणवतो तेथे गाळाचा पृष्ठभाग होय. मग काठी उलटी करून तळापर्यंत टेकवावी. दोन्ही मापांतील अंतर म्हणजे गाळाची जाडी. तेलाच्या थरासाठी अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी दोन्ही तोंडे उघडी ठेवून सावकाश बुडवावी, वरचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबावे व नळी उचलावी. नळीतील तेल व पाणी यांचे थर पट्टीने मोजता येतात. तेल व गाळ मिळून पाण्याच्या एकूण खोलीचा चौथा हिस्सा झाला की कुंडी उपसावी, असे आमचे मत आहे. गाळकुंडीला थोडी अधिक सवलत देता येईल, पण अर्ध्यापर्यंत भरू देणे म्हणजे सारा भार तेलकुंडीवर टाकणे होय. ही मापे दर आठवड्याला, आणि मातीने माखलेले ट्रक जेथे धुतले जातात तेथे त्याहूनही लवकर, घ्यावीत.

मापे वहीत लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. त्याचे कारण केवळ कार्यालयीन नव्हे. समजा, गाळ पहिल्या आठवड्यात १० सेंटिमीटर, मग १६, मग २२ असा वाढत गेला आणि पुढे तीन आठवडे २४ वरच राहिला. गाड्यांची संख्या तर तेवढीच आहे. पाहणाऱ्याला वाटेल की गाळ कमी येऊ लागला. वस्तुतः कुंडी भरली असून जेवढा गाळ आत येतो तेवढाच पाण्याबरोबर बाहेर निघून जातो आहे. एकेकटे माप पाहून हे कधीच कळत नाही. तपासणीस येणाऱ्या पंचायत सचिवांनी किंवा अधिकाऱ्यांनी प्रथम हीच वही मागावी.

काठी व नळीनंतर पाळी येते टी-जोडाची. तो जागेवर आहे की नाही हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहावे. जोडात चिंधी अडकली की पाणी तुंबते, कोणी तरी जोड उपटून टाकतो, पाणी भराभर वाहू लागते, आणि काम फत्ते झाले असे सर्वांना वाटते. त्या क्षणापासून वर साचलेले सारे तेल थेट बाहेर जाते. दुसरी अशीच चूक उपसा झाल्यावर होते. रिकामी कुंडी तशीच वापरात घेतली तर पाणी जोडाच्या खालच्या टोकाशी पोहोचताच त्याच्याबरोबर तेलही त्या टोकातून शिरते. कुंडी आधी स्वच्छ पाण्याने बाहेरच्या नळीच्या पातळीपर्यंत भरावी, मगच फरशी सुरू करावी.

पावसाचा हिशेब बहुतेक ठिकाणी कोणी केलेलाच नसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरची फरशी उघडी असेल, तर तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत तिच्यावर ५,००० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ लिटर पाणी पडते. नळीने धुताना मिनिटाला ३० लिटर पाणी येईल असे धरून, अर्धा तास थांबावे म्हणून ९०० लिटरची कुंडी बांधली असेल, तर त्या सरीत पाणी तिच्यात जेमतेम अकरा मिनिटे थांबते. तळचा गाळ ढवळला जातो आणि महिनाभर साठविलेले तेल एका दुपारी व्हाळात जाते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्याच फरशीवर तीन लाख लिटर. धुण्याच्या जागेवर छप्पर असणे, फरशीभोवती चार बोटे उंचीचा कठडा असणे आणि छपराचे पाणी वेगळ्या गटारात जाणे, या तीन गोष्टी नसतील तर कुंडीवर केलेला खर्च पावसाळ्यापुरता तरी वायाच गेला. मे महिन्यात एकदा संपूर्ण उपसा करून ही पाहणी उरकावी.

उपसा करताना माणूस कुंडीत उतरवू नये. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. म्हणजे वास येईनासा झाला तर धोका टळला असे समजू नये. त्यातच पेट्रोलची वाफ असेल तर विडीची एक ठिणगीही पुरते. कुंडी चार फूटच खोल आहे हे उत्तर होऊ शकत नाही, कारण वाकलेल्या माणसाचे डोके त्याच हवेत असते, आणि त्याला वाचविण्यास उडी घेणारा दुसराही तेथेच पडतो. गटारे व मलकुंडे यांत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. येथेही तोच संकेत पाळून पंपाने किंवा लांब दांड्याच्या फावड्याने, झाकणे बराच वेळ उघडी ठेवून, बाहेरूनच काम करावे.

निघालेला तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येतो. तो झाकणबंद पिंपात, छपराखाली ठेवून अधिकृत संस्थेकडेच द्यावा. साठवणीची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे. वाळवी लागू नये म्हणून काळे तेल लाकडाला फासण्याची जुनी चाल आहे. कुंपणाच्या खांबांना ते फासलेले आजही दिसते, पण विहिरीजवळच्या जमिनीत पुरलेल्या खांबांसाठी ही चाल सोडलेली बरी.

ग्रामस्थांच्या तक्रारींबाबतही थोडे सांगणे जरूर आहे. विहिरीत किंवा झरीत इंद्रधनुषी तवंग दिसला की बोट धुण्याच्या जागेकडे वळते. परंतु लोहयुक्त जांभ्याच्या प्रदेशात लोहजीवाणूंमुळेही असाच तवंग येतो. काडीने तवंग मोडून पाहावा. जीवाणूंचा तवंग काचेसारखा तुटून त्याचे तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो आणि बहुधा त्याला वासही असतो. पहिल्या प्रकारात शेजाऱ्याशी भांडण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र त्या विहिरीचे पाणी पिणे तत्काळ थांबवून पंचायतीस व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. १९७४ च्या जल कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई केली आहे, आणि २५ व्या कलमानुसार असे सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाची संमती लागते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मर्यादेप्रमाणे नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात तेल व वंगण लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि तरंगते कण १०० मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नयेत. सार्वजनिक मलवाहिनीसाठी याच मर्यादा २० व ६०० अशा आहेत.

तपासणीसाठी पाठवावयाचा तेलाचा नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीतच घ्यावा, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटून राहते. बाटली त्याच पाण्याने आधी विसळू नये, आणि नमुना दुसऱ्या भांड्यातून ओतून न घेता थेट बाहेरच्या नळीखाली धरून घ्यावा. त्या वेळी फरशीवर गाडी धुणे चालू असले पाहिजे; सकाळी काम सुरू होण्यापूर्वी रात्रभर स्थिरावलेल्या कुंडीचे पाणी नेहमीच स्वच्छ असते.