जुन्या क्लॅरिओनेटची पट्टी कशी ओळखावी

बँडसाठी जुने क्लॅरिओनेट पट्टी न पाहता घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. मुखासह लांबी सुमारे 66 सेंटिमीटर असल्यास पट्टी बहुधा काळी पाच, 70 असल्यास पांढरी सहा. परंतु मुखाखालचा तुकडा बदललेला असला की हा हिशेब फसतो.

खरी कसोटी कानाची. डाव्या हाताचा अंगठा व तीन बोटे छिद्रांवर ठेवावीत, उजवीकडील छिद्रे मोकळी सोडावीत, आणि अंगठ्याजवळची चावी न दाबता फुंकावे. स्वरलिपीत हा 'सी' होय. पेटीवर तो ज्या स्वराशी जुळेल ती वाद्याची पट्टी. (पेटीची मधली पांढरी सहा आधी 440 कंपनांच्या नादकाट्याशी पडताळावी, जुन्या पेट्यांवर विसंबणे बरे नव्हे.) जर्मन वाद्यावर कोरलेला 'बी' काळी पाचच दाखवतो, पांढरी सात नव्हे.

स्वर या दोहोंच्या मधोमध पडला, तर वाद्य जुन्या ब्रिटिश लष्करी बँडांच्या उंच पट्टीचे, म्हणजे पांढरी सहा सुमारे 452 कंपनांची मानून केलेले समजावे. त्यावर पुष्कळदा 'एच. पी.' अक्षरे असतात. 1939 च्या लंडन परिषदेत 440 हे मान ठरले. सांधा ओढून असे वाद्य उतरवू गेल्यास आखूड नळीचे स्वर अधिक उतरतात, लांब नळीचे कमी, आणि सारे सप्तक बेसूर होते. विक्रेता 'थोडे ओढा, जुळेल' म्हणाला तरी घेऊ नये.